आठवीची चित्रकलेची सहल, औंधला पाठवायचं का?

शिंदे काकू, ए-२०३: नमस्कार सगळ्यांना, आठवीच्या मुलांना येत्या शनिवारी चित्रकलेच्या मॅडम औंधच्या म्युझियमला नेणारेत. ३५० रुपये, डबा घरचा, संमतीपत्र परवापर्यंत द्यायचंय. आपल्या सोसायटीतली सहा मुलं आहेत, कोण कोण पाठवतंय ते सांगा म्हणजे सकाळी स्टॉपवर एकत्र सोडता येतील

नितीन, बी-१०१: औंध म्हणजे पुण्यातलं का काकू?

शिंदे काकू: नाही ओ, आपलं खटाव तालुक्यातलं, यमाईचं औंध. रहिमतपूरवरून जातात

नितीन: अच्छा ते होय. तिथं आम्ही देवीला जातो की, डोंगर चढताना वाटेत लागतं ते म्युझियम, आत मात्र कधी गेलो नाही. पण खरं सांगू का, चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा तोंडावर आलीय, पोरगं आधीच भूमितीत मागं आहे, त्यात अख्खा शनिवार जायचा, त्यापेक्षा घरी बसून दोन पेपर सोडवले तर दहावीच्या वाढीव मार्कांना उपयोग तरी होईल

पूनम, बी-३०४: मी पण विचारातच आहे. आधीच्या सहलीला (दुसरीकडं गेले होते) माझी मुलगी चित्र बघत उभी होती तर शिट्टी वाजली आणि चला चला रांगेत. वीस मिनिटांत बाहेर. वर्कशीटवर चित्रकाराचं नाव, साल, रंग कुठला असलं भरायचं होतं, तर मुलं चित्राकडं बघतच नव्हती, खालची पाटी उतरवून घेत होती. घरी आल्यावर विचारलं काय आवडलं, तर म्हणाली आई बघायलाच मिळालं नाही गं. फार वाईट वाटलं मला

कुलकर्णी सर, ए-४०१: नितीनराव, मी म्हणतो परीक्षेसाठीच पाठवा. आयुष्यभर ड्रॉइंग शिकवलं, स्मरणचित्राचे, म्हणजे आठवणीतून काढायच्या चित्राचे, किती गठ्ठे डोळ्याखालून गेले, बहुतेक पोरांची तीच जत्रा, तोच फुगेवाला, तीच पाठमोरी बाई, कारण सगळं गाईडमधून उचललेलं. खरं चित्र समोर उभं राहून कधी बघितलेलंच नसतं. औंधला रविवर्म्याची सैरंध्री आहे, मूळ तैलचित्र, छापील नव्हे. विराटाच्या घरी दासी म्हणून राहिलेली द्रौपदी. मोबाइलवर ती तळहाताएवढी दिसते आणि सावली दिसते नुसती काळी. तिथं जरा जवळून बघा, सावलीत तांबूस आहे, तपकिरी आहे, साडीचाच रंग गडद होऊन आलाय. वर्गात घसा फोडून सांगायचो की सावलीला काळा लावू नका रे, कोणी ऐकायचं नाही, आणि तिथं एकदा नेऊन आणलं की सांगावं लागायचं नाही

कुलकर्णी सर: आणि हे म्युझियम कोणी केलं ते पण मुलांना सांगा. औंध संस्थानचे राजे, बाळासाहेब पंतप्रतिनिधी. स्वतः चित्रं काढायचे, चित्ररामायण त्यांचंच. शाळेत पोरं सूर्यनमस्कार घालतात ना, त्याचा एवढा प्रसार केला तो याच माणसानं. १९३८ साली म्युझियम काढलं आणि कुठं काढलं, तर यमाईच्या डोंगराच्या वाटेवर. देवीला येणारी शेतकरी माणसं, बायाबापड्या, जाता जाता सहज आत शिरतील अशा जागी. चित्रकार धुरंधरांची चित्रं आहेत, आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं आई आणि मूल हे दगडी शिल्प आहे. त्याची कामं बघायला लोक लंडनला जातात, आपल्याला एक डोंगर चढायचाय. मला या राजाबद्दल बोलताना आजही भरून येतं

मुल्ला भाभी, ए-१०२: सर मला हे काहीच माहीत नव्हतं, इतकी वर्षं साताऱ्यात राहून. आमच्या यास्मिनला पाठवतेच. पण पूनम म्हणते ते पण बरोबरे, पन्नास-साठ मुलं एकदम आत सोडली तर कोणाला काय दिसणार

कुलकर्णी सर: तेच तर. मॅडमना सांगून दोन बॅच करायच्या, एक आत, दुसरी वर देवीच्या दर्शनाला, मग अदलाबदल. आधी सगळं म्युझियम एक चक्कर मारून बघायचं, कोणी काही लिहायचं नाही. मग प्रत्येकानं आपल्याला आवडेल ते एकच निवडायचं आणि त्याच्यासमोर अर्धा तास बसायचं. अख्खं चित्र उतरवायचं नाही, एक तुकडा काढायचा. हात काढा, निऱ्या काढा, नुसतं कपाळ काढा. पहिली दहा मिनिटं पोरं चुळबुळ करतात, करू द्यायची, त्यानंतर बघायला लागतात

पूनम: सर असं झालं तर मी दोन्ही मुलांना पाठवेन, धाकटीला घेतील का विचारते 😊

शिंदे काकू: मग उद्या चारला शाळा सुटताना गेटवर भेटूया मॅडमना, वर्कशीट नको आणि दोन बॅच करा एवढंच बोलायचं. त्या चांगल्या आहेत, ऐकतील. म्युझियमला आधी फोन करून वेळ आणि आत बसून काढू देतात का ते पण त्यांनाच विचारायला सांगू. रंगाच्या बाटल्या, वॉटरबॅग आत नको, चित्रांवर काही सांडलं तर काय करायचं

नितीन: सर तुमचा मेसेज घरी मोठ्यानं वाचून दाखवला, पोरगं म्हणतंय मला त्या दगडाच्या शिल्पासमोर बसायचंय. पाठवतो. शनिवारी मला सुट्टी आहे, शाळेनं परवानगी दिली तर देवळात जी बॅच असेल तिच्याबरोबर मी थांबतो, मॅडम एकट्या किती बघणार. आणि या वेळी म्युझियममध्ये मी पण जाणार. पेन्सिल कुठली घ्यायची तेवढं सांगा

कुलकर्णी सर: एक एचबी, एक फोर बी. खोडरबर घरी ठेवा