फुल चिझल 'एकच नंबर' म्हणणाऱ्यांनी जरा इकडे या

माडवाला:
परवा इथे चेनसॉच्या चेनबद्दल एका भाऊंनी लिहिलं, "फुल चिझल चेन टाका, कुठलंही झाड सपासप कापतं. सेमी चिझल म्हणजे पैसे पाण्यात." त्यावर अंगठे उठवणाऱ्यांपैकी कितीजणांनी समुद्राकाठचा पडलेला माड कापलाय?

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, तेव्हा श्रीवर्धन पट्ट्यात घराबाहेर पडायलाही वाट नव्हती. माड, पोफळी, आंबे सगळे आडवे. माडाचं खोड बाहेरून कडक, आत नुसते तंतू, आणि भेगांत वाऱ्याने बसलेली वाळू. चिझलचा दात कापतो तो त्याच्या टोकदार कोपऱ्याने, आणि वाळूत पहिला जातो तोही कोपराच. मग कपच्यांऐवजी पीठ पडतं, माणूस मशीन दाबायला लागतो, बार (चेन जिच्यावर फिरते ती पट्टी) तापतो. सेमीचा कोपरा गोलसर. हळू कापते, पण मातीत आणि वाळल्या लाकडात धार धरून ठेवते.

आणि चेन घेताना आधी आपली मशीन बघा. लहान मशीनला बहुतेक ३/८ इंच पिच (कड्यांमधलं अंतर) लो प्रोफाइल, १.३ मिमी गेज (बारच्या खाचेत बसणाऱ्या कडीची जाडी). ५८ सीसीच्या चिनी मशीनला बहुतेक .३२५ इंच पिच, १.५ मिमी गेज. दुकानदार '२० इंची' एवढंच ऐकून कुठलीही पुडी हातात देतो. बारवरचे आकडे वाचा, जुन्या चेनचे ड्राइव्ह लिंक (खाचेत बसणाऱ्या कड्या) मोजा, मग पैसे द्या.

टनावरचा:
ती पोस्ट माझीच. तुमचं वादळ तुमच्यापाशी ठेवा. मी सुबाभूळ आणि निलगिरी तोडतो, ओली, पेपर मिलसाठी. मजुरी टनावर मिळते, तासावर नाही. सेमी लावून दिवसभर चोळत बसलो तर पोरांना काय देऊ? चिझल लावतो, दर टाकीला दोन हात कानस मारतो. धार कशी लावायची ते येत नाही म्हणून चेनला नावं ठेवायची, हे बरं आहे.

माडवाला:
ओल्या, स्वच्छ सुबाभळीत चिझल भारीच, कोण नाही म्हणतंय? तुम्ही 'कुठलंही झाड' लिहिलंत, साहेब. दोन शब्द कमी लिहिले असते तर मला एवढं टाइप करावं लागलं नसतं.

फळीवाली:
दोघेही आडव्या कापावरच भांडताय. मी फणसाच्या ओंडक्यांच्या जाड फळ्या पाडते, उभ्या. त्याला रिपिंग चेन लागते. दाताचा कोन साधारण १० अंश, नेहमीच्या चेनचा ३० च्या आसपास. नेहमीच्या चेनने पण फळी निघते, पण पृष्ठभागावर अशा रेघा उठतात की रंधा मारणारा सुतार शिव्या घालतो. जुनी चेन टाकू नका, तिचेच दात घासून १० अंशांवर आणता येतात. आणि छोटी मशीन फळीच्या कामाला लावू नका, उभ्या कापात इंजिनचा जीव जातो.

पाडेली४२०:
कसली चिझल नि कसली रिपिंग. चेन कुठलीही घ्या, चेनच्या ऑइलच्या टाकीत इंजिनचं जळकं ऑइल ओता. आमची चेन वर्षानुवर्षं चालते. ते डबीतलं बार ऑइल म्हणजे लुबाडणूक.

फळीवाली:
दादा, जळक्या ऑइलमध्ये इंजिनचा लोखंडी कीस असतो. तोच तुमच्या पंपात आणि बारच्या खाचेत जातो. शिवाय त्यात चिकटपणा नसतो, बारच्या टोकाला वळताना सगळं उडून जातं. माझ्या फळीवर काळे डाग पडतात ते वेगळंच.

पाडेली४२०:
ताई, तुमची फळी दिवाणखान्यात जाते. आमचा माड चुलीत.

बांधावरची:
आणि ते उडालेलं ऑइल कुठे जातं? वाडीत, विहिरीच्या कडेला. जळकं ऑइल अंगाला लागणंही चांगलं नाही, कॅन्सरचा धोका असतो. आमच्याकडे एकाने मशीन चालवताना अर्ध्या बाह्या घातल्या होत्या, संध्याकाळी कोपरापासून मनगटापर्यंत काळा. तेच हात घेऊन जेवायला बसला.

खोबरेल_भक्त:
मी खोबरेल वापरतो. घरचं घाण्याचं. चेन पण खूश, बायको पण.

टनावरचा:
थंडीत सकाळी मशीन उन्हात ठेवून वाट बघत बसता का? २४-२५ अंशांखाली तुमचं तेल गोठतं. आमच्याकडे जानेवारीत चेन कोरडी फिरेल.

खोबरेल_भक्त:
तुमच्याकडे थंडी पडते हा माझा दोष नाही.

पाडेली४२०:
डबीतलं ऑइल विकणाऱ्या कंपनीच्या एजंटांनी इथून निघावं.

बांधावरची:
एजंट? माझ्या विहिरीचं पाणी तुम्ही पिऊन दाखवा, मग बोला. तुमच्यासारख्यांमुळेच वाडीत मशीनवाला बोलवायची भीती वाटते.

पोर्टलंडकर:
थोडी भर घालतो. आपण सगळे वापरतो त्या चेनचं मूळ इथलं, अमेरिकेतल्या ओरेगनचं. जो कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने १९४६ मध्ये बुंध्यात भोकं पाडणाऱ्या भुंगेऱ्याची अळी पाहिली. ती डावीउजवीकडे दोन्ही बाजूंनी चावत लाकूड खात होती. त्यावरून त्याने दात आळीपाळीने डावे-उजवे बसवले आणि १९४७ मध्ये चेनचा धंदा सुरू केला.

माडवाला:
आमच्या आंब्यातली खोडकीड पेटंट घेत नाही, नुसतं झाड मारते. बाकी माहिती छान.

टनावरचा:
ऑइल पुरे झालं का? मूळ मुद्दा. काल बांधावरची वाळलेली बाभूळ पाडली, मातीने भरलेली. चेन दोनदा उतरवून धार लावली. तर समुद्रकाठच्या मंडळींनो, घ्या, अशा कामाला सेमी ठेवा. एक. पेटीच्या तळाला. सुबाभळीला मी चिझलच लावणार.

माडवाला:
एक पुरेल. आणि रेकर (दातापुढचा बुटका उंचवटा) दाताच्या टोकापासून ०.६५ मिमीपेक्षा जास्त खाली घासू नका. तुमच्याकडची पोरं 'जास्त कापावी' म्हणून घासतात, मग मशीन उलटी उसळते.

टनावरचा:
माझ्या पोरांना शिकवू नका.

अंगणातला_आंबा:
मंडळी, मी फक्त विचारायला आलो होतो. वाळलेला रायवळ, बुंधा दोन फूट, ४५ सीसी मशीन. कुठली?

फळीवाली:
सेमी, .३२५, पण गेज तुमच्या बारवर बघा. आधी बुंध्यात कपडे वाळत घालायचे खिळे राहिलेत का ते चाचपा.

बांधावरची:
आणि परवानगी? आंबा महाराष्ट्राच्या १९६४च्या झाडतोड कायद्याच्या यादीत आहे.

पाडेली४२०:
झालं, आता हे सुरू.