५० हजारात गेमिंग पीसी, ५६००जी प्रोसेसर घेऊ का?

मॉनिटर आहे, १०८०पी (फुल एचडी) वरच खेळायचंय. आत्ता रायझन ५ ५६००जी घेतो, ग्राफिक्स कार्ड वर्षभराने, चालेल ना?

> कार्ड आत्ताच जमत असेल तर जी नको रे, त्यात एल३ कॅशे (प्रोसेसरमधली झटपट मेमरी) १६ एमबी, साध्या ५६०० ला ३२, शिवाय जी ला पीसीआयई (कार्ड जोडायचा मार्ग) ३.० च मिळतं. पण साध्याला इनबिल्ट ग्राफिक्स नाही हां, कार्डाशिवाय स्क्रीन काळी.

> जी घेतलास तर रॅम ८-८ जीबीच्या दोन काड्या टाक, ड्युअल चॅनलने (दोन्ही काड्या एकत्र चालल्याने) लय फरक पडतो. आणि पॉवर सप्लायवर कंजूषी नको, माझा स्वस्तातला गेला तो मदरबोर्डला घेऊनच गेला 😅

बरं, मग साधा ५६०० आणि आरएक्स ६६०० कार्ड. शनिवारी मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर मार्केटला चक्कर मारतो.

> बिल पक्कं घे!