आठवड्यातील एक धाव इंटरव्हलची असावी का?

मिरामारचा धावक :
मी पणजीत राहतो, वय ४४, काम बैठे. गेली तीन वर्षे आठवड्यातून तीनदा धावतो : दोनदा मिरामारहून दोनापावल्यापर्यंत जाऊन परत आणि रविवारी रायबंदरच्या कॉजवेवरून लांबची धाव, मिळून सुमारे २६ किलोमीटर. पहिल्या वर्षी वेग वाढला, पण पुढची दोन वर्षे १० किलोमीटरला लागणारा वेळ ६४ मिनिटांवरून हलेना. नोव्हेंबरपासून मी बुधवारची धाव बदलली. पंधरा मिनिटे सावकाश धावल्यावर तीन मिनिटे जोरात आणि दोन मिनिटे चालत, असे पाच फेरे करू लागलो. यालाच इंटरव्हल म्हणतात. जानेवारीअखेरीस तेच १० किलोमीटर ६० मिनिटांच्या आत आले.

माझे मत असे की, वर्षभर नियमित धावलेल्या प्रत्येक हौशी धावपटूने आठवड्यातील एक धाव अशी करावी. मात्र ती चौथी धाव म्हणून वाढवू नये, असलेल्या तिनांपैकी एक बदलावी. त्याच रस्त्यावर त्याच वेगाने वर्षानुवर्षे धावणाऱ्या शरीराला नवे काही शिकण्याची गरजच उरत नाही. जोराच्या धावेत हृदयाला जेवढे रक्त ढकलावे लागते, तेवढे सावकाश धावताना कधीच लागत नाही.

फोंड्याची फिजिओथेरपिस्ट :
आपला अनुभव मी नाकारत नाही, पण ‘प्रत्येक’ हा शब्द मला मान्य नाही. हृदय आणि श्वास काही आठवड्यांत वाढत्या श्रमाला सरावतात. टाचेमागची शीर (अकिलीस टेंडन), पोटरीचे स्नायूबंध आणि नडगीचे हाड यांना महिने लागतात. त्यामुळे धावणाऱ्याला आपण तयार आहोत असे वाटू लागते, तेव्हा त्याचे पाय तयार नसतात. माझ्याकडे येणाऱ्या धावपटूंमध्ये वेगाचा सराव नुकताच सुरू केलेले बरेच असतात.

दुसरे कारण आपल्या हवेचे. घाम वाळला तरच तो शरीराची उष्णता बाहेर नेतो आणि गोव्यात तो नुसता वाहतो. मग शरीर थंड ठेवण्यासाठी रक्त त्वचेकडे वळते आणि त्याच वेगाला हृदयाचे ठोके वाढतात. पहाट थंड असली तरी सापेक्ष आर्द्रता सर्वाधिक तेव्हाच असते. इंटरव्हलच्या तक्त्यांतील वेग थंड, कोरड्या हवेतील धावपटू गाठतील. मे महिन्यात कांपालच्या रस्त्यावर त्यांचा हट्ट धरणे धोक्याचे आहे.

न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड ८०० मीटरच्या धावपटूंकडूनही आधी आठवड्याला सुमारे १६० किलोमीटरचा पाया घालून घेत. त्यांचा शिष्य पीटर स्नेल याने १९६० साली रोममध्ये त्याच अंतराचे सुवर्णपदक जिंकले. पाया आधी, वेग नंतर, हा क्रम महत्त्वाचा.

मिरामारचा धावक :
लिडियार्ड यांचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे, असे मला वाटते. पाया झाल्यावर तेही चढ आणि इंटरव्हल घेतच असत. शिवाय १६० किलोमीटर धावायला ज्याच्याकडे वेळ नाही, त्याने पाया कधी पूर्ण झाला म्हणायचे? चेकोस्लोव्हाकियाचा धावपटू एमिल झाटोपेक याने ४०० मीटरच्या असंख्य फेऱ्यांवर सराव उभारला आणि १९५२ साली हेलसिंकीत ५,००० मीटर, १०,००० मीटर व मॅरेथॉन अशी तिन्ही सुवर्णपदके मिळवली. आपण झाटोपेक नाही, हे मान्य. मी पाचच फेरे सांगतो आहे. उकाड्याचा मुद्दा मात्र पूर्ण पटतो. म्हणून मी घड्याळातील वेग पाहत नाही. दोन-तीन शब्दांपलीकडे बोलता येऊ नये, इतका जोर पुरे.

म्हापशाचा तरुण :
एवढे तरी कशाला? ताबाता पद्धतीत २० सेकंद पूर्ण जोर, १० सेकंद विश्रांती, असे आठ फेरे म्हणजे चार मिनिटांत काम होते. मी पेड्याच्या मैदानावर आठवड्यातून चार दिवस हेच करतो आणि लांबच्या धावा सोडून दिल्या आहेत.

फोंड्याची फिजिओथेरपिस्ट :
कृपया असे करू नका. १९९६ साली प्रसिद्ध झालेला जपानी संशोधक ताबाता यांचा तो प्रयोग व्यायामाच्या सायकलवर झाला होता, रस्त्यावर नव्हे. सायकलवर पाय जमिनीवर आपटत नाहीत. जोरात धावताना प्रत्येक पावलाला वजनाच्या दुपटीहून अधिक भार पडतो. प्रयोगात भाग घेणारे शारीरिक शिक्षणाचे तरुण विद्यार्थी होते आणि आठवड्यातील एक दिवस त्यांनाही ३० मिनिटे मध्यम जोराचा व्यायाम होताच. चार मिनिटांची कीर्ती पसरली, हा तपशील मागे राहिला.

मिरामारचा धावक :
येथे मी ताईंच्या बाजूने आहे. लांबची सावकाश धाव सोडून केलेले इंटरव्हल मला अभिप्रेत नाहीत.

मडगावचा निवृत्त शिक्षक :
माझे वय ६३ आहे, रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि वेळ कमी करण्याची मला इच्छा नाही. कोलव्याच्या ओल्या वाळूवर ओहोटीच्या वेळी धावताना मला जे समाधान मिळते, ते शिटी आणि फेऱ्यांच्या हिशेबात हरवेल. आपल्या ‘प्रत्येक हौशी धावपटू’मध्ये मी बसत नाही, आणि माझ्या वयाच्या माणसाने डॉक्टरांना विचारल्याखेरीज असा जोर करूही नये.

मिरामारचा धावक :
सर, आपले म्हणणे योग्य आहे. ‘प्रत्येक’ हा शब्द मी मागे घेतो. ज्याला वेग वाढवायचा आहे आणि ज्याला कोणतीही दुखापत वा आजार नाही, असा धावपटू मला म्हणायचा होता. त्याच्यासाठी माझे मत कायम आहे.

फोंड्याची फिजिओथेरपिस्ट :
मग माझा आक्षेप बराच कमी झाला, संपलेला नाही. अशा धावपटूनेही पहिले सहा आठवडे सपाट रस्त्याऐवजी आल्तिनोच्या चढावर सराव करावा. चढावर हृदयाला तेवढेच श्रम पडतात, पण वेग कमी राहत असल्याने आदळ कमी बसते. पोटरीवर आणि टाचेमागच्या शिरेवर मात्र ताण येतो, म्हणून ज्यांची टाच आधीच दुखते त्यांनी तोही टाळावा. उतरताना चालावे. पावसाळ्यात त्या उतारांवर शेवाळ धरते, तेव्हा जून ते सप्टेंबर हा सराव बंदच ठेवावा, असे मी सांगेन.

मिरामारचा धावक :
चढाचे मान्य. चार महिने बंद ठेवणे मान्य नाही. पावसात मी दोनापावल्याच्या डांबरी रस्त्यावर तीन फेरे तरी करणारच.