मदत हवी आहे : पाषाणातल्या पायाचा खर्च कसा काढायचा?

पुरंदर तालुक्यात गावच्या जागेवर घर बांधतोय. तळमजला आणि वर एक मजला, 900 चौरस फूट, 12 कॉलम. जागा उताराची आहे. तीन कोपऱ्यांत चाचणी खड्डे घेतले. वरच्या बाजूला फूटभर मुरमाखाली थेट काळा पाषाण लागला, पहारीची टोकं वाकली पण खपली निघेना. खालच्या बाजूला मात्र पाच फुटांपर्यंत मुरूमच आहे.

एक ठेकेदार ब्रासवर (100 घनफूट म्हणजे एक ब्रास) दर सांगतो, दुसरा ब्रेकरच्या, म्हणजे खडक फोडणाऱ्या यंत्राच्या, तासावर. खड्डे 4×4×5 फुटांचे धरले तर एकाचे 80 घनफूट, 12 चे 960, म्हणजे साडेनऊ ब्रासच्या आसपास. पण ब्रेकरने फोडताना दगड कडेने जास्तच निघतो, आणि त्या जागी काँक्रीट आपल्याच पैशाने भरावं लागतं. तो हिशोब दोघांच्याही अंदाजात नाही. सेप्टिक टाकी आणि पाण्याची टाकीही खडकातच करायची आहे.

इंजिनिअर म्हणतात, वरच्या बाजूला खोल न जाता खडकात भोकं पाडून सळया बसवू. सुरुंग चालणार नाही, शेजारची विहीर 30 फुटांवर आहे. रस्ता दहा फुटी, मोठं पोकलेन आत येत नाही.

अशा पाषाणात काम केलेल्यांनी कृपया सांगा : ब्रेकरला ब्रासमागे साधारण किती तास लागले? जादा निघालेल्या दगडाचं माप करारात कसं लिहून घेतलंत? आणि अर्धा पाया खडकावर, अर्धा मुरमावर असताना तुमच्या इंजिनिअरने काय केलं?