नाताळच्या भेटी: मागे कचरा उरणार नाही असं काय देता येईल?

कापडीपिशवी:
नाताळाला ५ आठवडे उरलेत. एकूण ११ जण: ८ मोठे, ३ मुलं (वय २, ६ आणि ९). दोघं परगावी आहेत, त्यांना भेट कुरियरने जाईल. एका घरात मांजर आहे. यंदा चमकीचा कागद, प्लॅस्टिकची फीत आणि फेब्रुवारीत माळ्यावर जाणाऱ्या वस्तू नकोत, एवढं नक्की ठरलंय. सध्याची यादी अशी: घरगुती साबण, लसूण-मिरची घातलेलं तेल, मेणबत्त्या, प्लॅस्टिक फिल्मऐवजी वापरायची मेणाची कापडं, कुकीच्या कोरड्या मिश्रणाच्या बरण्या, कुंडीतली रोपं आणि सगळ्यांना एकेक नवी कापडी पिशवी. यातलं काय ठेवावं, काय गाळावं? प्रमाणं आणि कुठे फसतं तेही सांगा. घरात वजनकाटा आणि ओव्हन आहे.

शिल्लक_शून्य:
आधी आकडा कमी करा. ११ जणांनी प्रत्येकाला भेट दिली तर ११० भेटी होतात. चिठ्ठ्या टाकून प्रत्येकाने एकाचंच नाव उचललं तर ११. कचरा कमी करायचा याहून मोठा उपाय तुमच्या यादीत नाही. मुलांना यातून वगळलं तरी चालेल, मोठ्यांनी मात्र चिठ्ठ्या टाकाव्यात. चिठ्ठीवर नावासोबत त्या माणसाने 'घरात सध्या काय संपत आलंय' ते लिहावं. संपणारी वस्तू दिली की ती पडून राहत नाही.

आता यादी. साबण गाळा. कॉस्टिक सोडा आणि तेलाचा, थंड पद्धतीचा साबण वडी पाडल्यावर ४ ते ६ आठवडे वाळवावा लागतो, तेव्हा कुठे त्यातलं पाणी उडून वडी घट्ट होते. ५ आठवड्यांत तो जेमतेम वाळेल, चार दिवस उशीर झाला तर ओलसर साबण द्याल आणि तो लवकर विरघळून जाईल. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात करा.

नव्या पिशव्याही गाळा. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ मध्ये पिशव्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. दुकानातल्या नेहमीच्या प्लॅस्टिक पिशवीशी बरोबरी साधायला साधी सुती पिशवी हवामानाच्या निकषावर ५२ वेळा वापरावी लागते, आणि सगळे निकष धरले तर ७,१०० वेळा. हा दुसरा आकडा मुख्यतः ओझोन थराच्या निकषामुळे एवढा फुगतो, त्यामुळे तो एकटा धरून बसू नये. पण ज्याच्या दाराच्या खुंटीला आधीच ६ पिशव्या लटकताहेत त्याला सातवी देण्यात अर्थ नाही, हे ५२ वरूनही कळतं. जुन्या चादरीची शिवलीत तर गोष्ट वेगळी.

'बायोडिग्रेडेबल' असं छापलेल्या वस्तूंपासूनही सावध राहा. मक्याच्या स्टार्चपासून केलेलं पीएलए प्लॅस्टिक कुजायला कारखान्यातल्या खतप्रकल्पाची, म्हणजे ६० अंशांच्या आसपासची सततची उष्णता लागते. घरच्या खतडब्यात ते वर्षानुवर्षं तसंच राहतं. बांबूच्या टूथब्रशचे केसही बहुतेक वेळा नायलॉनचेच असतात. ब्रश द्यायचाच असेल तर 'दांडा खतात टाकण्याआधी केस पकडीने उपटून काढा' अशी चिठ्ठी जोडा.

बरणीवाली:
लसणाचं तेल कुणालाही देऊ नका. हे सगळ्यात आधी सांगायला हवं.

लसूण जमिनीखाली वाढतो, त्याच्यावर बॉट्युलिझम (जीवघेणी अन्नविषबाधा) घडवणाऱ्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. तेलात बुडाल्यावर हवा तुटते, लसणात आम्लता कमी, बाटली घरातल्या तापमानाला ठेवलेली: त्या जिवाणूला नेमकं हेच हवं असतं. तयार होणाऱ्या विषाला वास नाही, चव नाही, तेल गढूळही होत नाही. घरच्या तेलात तळून काढलेला लसूणही भरवशाचा नाही, कारण बीजाणू साध्या उकळीने मरत नाहीत. ताजी मिरची, ताजी पानं यांनाही हाच नियम. असं तेल फ्रिजमध्ये ठेवून ४ दिवसांत संपवायचं असतं, त्यामुळे ते भेट म्हणून चालत नाही. त्याऐवजी ५ टक्के आम्लतेच्या व्हिनेगरमध्ये धुऊन पूर्ण कोरडी केलेली रोझमेरी किंवा थाइम घाला: ५०० मिलीला ३-४ काड्या, ३ आठवडे अंधारात, मग गाळून स्वच्छ बाटलीत. आम्लामुळे तो जिवाणू वाढत नाही. धातूचं झाकण मात्र नको, व्हिनेगर ते खातं.

कुकीची बरणी ठेवा, ती चांगली भेट आहे. १ लिटरच्या बरणीला हे प्रमाण बसतं:

मैदा २०० ग्रॅम, त्यात अर्धा छोटा चमचा बेकिंग सोडा आणि पाव चमचा मीठ आधीच चाळून मिसळलेलं. ओट्स ९० ग्रॅम. ब्राउन शुगर १०० ग्रॅम. साधी साखर १०० ग्रॅम. चॉकलेटचे दाणे १०० ग्रॅम, वर जागा उरली तर आणखी.

भरायचा क्रमही हाच. मैदा टाकल्यावर पेल्याच्या बुडाने घट्ट दाबा, नाहीतर शेवटचे दाणे मावत नाहीत. उलट वर दोन बोटं पोकळी राहिली तर नेता-आणताना थर एकमेकांत मिसळतात आणि बरणी राखाडी दिसते. ती पोकळी दाण्यांनीच भरा, मैदा किंवा ओट्स वाढवलेत तर कुकी कोरडी होईल.

बहुतेक बरण्या फसतात त्या ओलाव्याने. धुतलेली बरणी पुसून लगेच भरू नका. ११० अंशांच्या ओव्हनमध्ये १५ मिनिटं ठेवा (झाकण आणि रबर वगळून), पूर्ण गार होऊ द्या, मग भरा. थोडी जरी ओल राहिली तर मैद्याचे गोळे होतात आणि सोडा आधीच निकामी होतो. लोणच्याच्या जुन्या बरणीच्या काचेचा वास जातो, झाकणातल्या रबराचा जात नाही. झाकण बदला. लेबलचा डिंक तेल आणि बेकिंग सोडा समान घेऊन चोळला आणि अर्धा तास ठेवला की निघतो.

चिठ्ठीवर लिहा: ११५ ग्रॅम मऊ लोणी, १ अंडं, १ छोटा चमचा व्हॅनिला. लोणी-अंडं-व्हॅनिला फेटून त्यात बरणी रिकामी करायची, १७५ अंशांवर १० ते १२ मिनिटं. कडा सोनेरी झाल्या की काढायच्या, मध्यभागी मऊ वाटल्या तरी. खाली भरल्याची तारीख, '२ महिन्यांत वापरा' आणि ठळक अक्षरात 'यात गहू आहे, दूध असू शकतं'. या शेवटच्या ओळीचा आळस करू नका.

परगावी पाठवायला बरणी नको. काच आणि मिश्रण मिळून किलोच्या वर जातं, आणि ते फुटू नये म्हणून जेवढं गुंडाळावं लागतं त्यात सगळा हेतूच हरवतो.

मेणकरीण:
मेणाच्या कापडांबद्दल लिहिते, कारण घरी केलेली निम्मी कापडं चिकटतच नाहीत. कारण एकच: नुसतं मेण वापरलेलं असतं. नुसत्या मेणाचं कापड कडक होतं, घडीवर पांढरी रेघ पडते आणि मेणाचे तुकडे भाजीत गळतात. चिकटपणा राळेने (पाइनच्या झाडाच्या वाळलेल्या चिकाने) येतो, लवचीकपणा तेलाने.

३० बाय ३० सेंमीच्या ६ कापडांसाठी: मधमाशीचं मेण ६० ग्रॅम, राळेची बारीक पूड २५ ग्रॅम, जोजोबा तेल १० मिली. एका कापडाला साधारण १४ ग्रॅम मिश्रण लागतं, थोडं उरेल ते दुरुस्तीला ठेवा. जोजोबाच का, तर ते रासायनिकदृष्ट्या द्रवरूप मेणच आहे, लवकर खवट होत नाही. स्वयंपाकाचं तेल घातलं तर दोन महिन्यांत कापडाला वास येतो.

कापड शंभर टक्के सुती, पातळ आणि घट्ट विणीचं. जुना शर्ट किंवा चादर उत्तम. खात्री नसेल तर एक धागा जाळून बघा: सुताची राख होते, पॉलिस्टरचा वितळून कडक मणी होतो. पॉलिस्टर मेण पीत नाही. कापड धुवून वाळवा (फॅब्रिक सॉफ्टनर नको), इस्त्री करा, नागमोडी दात्यांच्या कात्रीने कापा म्हणजे कडा उसवत नाहीत.

मेण थेट आचेवर कधीच ठेवू नका, पेट घेऊ शकतं. पातेल्यात पाणी गरम करून त्यावर जुनं स्टीलचं भांडं ठेवा. मेण ६२ ते ६५ अंशांना वितळतं, राळेला जास्त वेळ लागतो. पूड थोडी थोडी भुरभुरत २०-२५ मिनिटं ढवळत राहा. एकदम ओतली तर तळाशी गोळा बसतो. शेवटी तेल. ट्रेवर बेकिंग पेपर, त्यावर कापड, ब्रशने पातळ हात फिरवा आणि ९० अंशांच्या ओव्हनमध्ये ४-५ मिनिटं. बाहेर काढून कोरड्या जागा भरा, पुन्हा २ मिनिटं. लगेच दोन कोपरे धरून उचला आणि हवेत अर्धा मिनिट हलवा. ट्रेवरच गार होऊ दिलं तर एका बाजूला जाड थर बसतो. एकच बेकिंग पेपर सहाही कापडांना पुरतो. भांडं गरम असतानाच चिंधीने पुसा, मेण मोरीत गेलं तर नळी तुंबते.

सोबतच्या चिठ्ठीत: हाताच्या उबेने आकार द्या, गार पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवा, गरम अन्न, मायक्रोवेव्ह आणि कच्चं मांस-मासे यांना वापरू नका. वर्षभर टिकतं. चिकटणं कमी झालं की पुन्हा ओव्हनमध्ये ३ मिनिटं. परगावच्या दोघांना हेच पाठवा, तीन कापडं साध्या कागदी पाकिटात मावतात.

मेणबत्त्या करणार असाल तर याच आठवड्यात ओता. सोया मेणाला वास धरायला २ आठवडे लागतात. २०० मिलीच्या भांड्याला १६० ग्रॅम मेण आणि सुगंधी तेल १० ग्रॅम, म्हणजे ६ टक्क्यांच्या आसपास. जास्त घातलं तर ते वर सुटून येतं आणि वात विझते. पातळ काचेचे पेले घेऊ नका, तडकतात. आणि वर वाळलेली फुलं, दालचिनी, संत्र्याच्या चकत्या रचू नका, कितीही सुंदर दिसल्या तरी. ज्योत खाली आली की त्या दुसऱ्या वाती होतात. वात बरोबर आहे का ते एक मेणबत्ती जाळून बघा: ७ सेंमी रुंद भांड्यात ३ तासांत मेण कडेपर्यंत वितळायला हवं. मधेच खड्डा पडला तर वात बारीक आहे.

हिरवीगार:
मांजराच्या घरी मनीप्लांट नको, चावल्यास तोंडाची आग होते, लाळ गळते. लिली तर अजिबात नको, तिच्या परागानेही मांजराची मूत्रपिंडं निकामी होतात. अमॅरिलिसचा कांदाही विषारी. स्पायडर प्लांट सुरक्षित आहे. त्याची पिल्लं (दांड्यांना लोंबणारी छोटी रोपं) आज पाण्यात ठेवलीत तर नाताळापर्यंत मुळं धरून मातीत गेलेली असतील. बाकीच्यांना मनीप्लांट चालेल, मात्र फांदी कापताना पेर पाण्याखाली जाईल असं बघा. नुसतं पान ठेवलं तर महिनोन्‌महिने हिरवं राहतं, पण वेल कधीच फुटत नाही.

खेळघर:
मुलांसाठी वापरलेली खेळणी बिनधास्त द्या, पण २ वर्षांच्या मुलाचं खेळणं टॉयलेट पेपरच्या रिकाम्या नळीत टाकून बघा. जो भाग आत जातो तो घशात अडकू शकतो. बटण बॅटरीचं झाकण स्क्रूने बंद होत नसेल, किंवा सुटे लोहचुंबक असतील, तर ते खेळणं कुठल्याच मुलाला नको. खूप जुन्या लाकडी खेळण्याचा रंग सोलत असेल तर त्यात शिसं असू शकतं.

६ वर्षांच्या मुलाला घरची खेळमाती: मैदा २ कप, मीठ १ कप, क्रीम ऑफ टार्टर (बेकिंगमध्ये वापरतात ती आंबट पांढरी पूड) २ मोठे चमचे, पाणी २ कप, तेल २ मोठे चमचे. मंद आचेवर गोळा भांड्याची कड सोडेपर्यंत ढवळा, मग मळा. क्रीम ऑफ टार्टर वगळलं तर आठवड्यात भुगा होतो. घट्ट झाकणात २-३ महिने टिकते. यात मीठ खूप असतं, म्हणून कुत्र्या-मांजरांच्या तोंडी लागू देऊ नका. ९ वर्षांच्याला 'आपण दोघं मिळून पक्ष्यांचं घरटं बनवू' असं कार्ड द्या, पण त्यावर दिवस आणि वेळ लिहा. 'कधीतरी' लिहिलेली कार्डं खणातच राहतात.

गाठोडं:
गुंडाळण्याबद्दल कुणीच लिहिलं नाही. कागद हातात चुरगाळून सोडा. चुरगळलेलाच राहिला तर बहुधा पुनर्वापरात जातो, उलगडून सरळ झाला तर त्यात प्लॅस्टिक किंवा धातूचा थर आहे. चमकी लावलेला असेल तर ही कसोटी लागू नाही, तो रद्दीत नकोच.

कापडात बांधायचं तर जपानी फुरोशिकीचा हिशोब सोपा आहे: चौकोनी कापडाचा कर्ण वस्तूच्या सर्वांत लांब बाजूच्या तिप्पट हवा. २४ सेंमीच्या पुस्तकाला कर्ण ७२, म्हणजे साधारण ५० सेंमीचा रुमाल. कापड तिरकं पसरा, वस्तू मधोमध, दोन समोरासमोरचे कोपरे वस्तूवर दुमडा, उरलेल्या दोघांची वर गाठ. गाठ सुटत असेल तर कापड गुळगुळीत आहे, सुती घ्या. आणि कापड परत हवंय की त्यांनीच ठेवायचं हे बोलून टाका, नाहीतर लोक संकोचाने ते कपाटात ठेवून देतात.

कापडीपिशवी:
साबण, तेल, पिशव्या यादीतून गेले. चिठ्ठ्या या रविवारी टाकतोय. मेणकरीण, राळ खड्यांच्या रूपात मिळतेय, पूड नाही. आणि एकीला मधमाशीचं मेण चालत नाही, ती प्राणिजन्य काहीच वापरत नाही.

मेणकरीण:
खडे तासभर फ्रीझरमध्ये ठेवा, मग जाड कापडात बांधून लाटण्याने फोडा. गार राळ काचेसारखी फुटते, मिक्सरमध्ये मात्र घालू नका, पात्याच्या उष्णतेने चिकटते. तिच्यासाठी कॅन्डेलिला मेण घ्या, ते झुडपापासून मिळतं. मधमाशीच्या मेणापेक्षा कडक असतं, म्हणून ६० ऐवजी ३० ग्रॅमपासून सुरुवात करा, राळ आणि तेल तेवढंच. आधी एकच छोटा तुकडा करून घडी घाला. रेघ पडली तर तेल २ मिली वाढवा, बोटाला चिकटत राहिलं तर मेण ५ ग्रॅम.