लोटस सेव्हनची प्रतिकृती: सिग्नलला गाडी तापते

होटगी रोड:
१९५७ च्या लोटस सेव्हनसारखी (ब्रिटिश, उघडी, दोन सीटची स्पोर्ट्स कार) गाडी बांधलीय. चौकोनी पाइपची चासी, इंजिन मारुती जिप्सीचं १.३ लिटर. महामार्गावर तापमानाचा काटा मध्यावर असतो, सात रस्त्याच्या सिग्नलला लालमध्ये जातो. रेडिएटर नवा आहे. स्पोकच्या चाकांना ट्यूबलेस टायर चालतील का?

विजापूर रोड:
धावताना ठीक आणि थांबल्यावर तापते, म्हणजे आधी पंखा बघा. पंखा चालू असताना जाळीसमोर कागद धरा. तो चिकटला पाहिजे. उडाला तर वायरी उलट्या जोडल्यात. पंख्याभोवती पत्र्याचं काउल हवंच, नाहीतर हवा कडेनं परत फिरते. वायर रिले (विजेवर चालणारा स्विच) आणि फ्यूजमधून थेट बॅटरीवरून घ्या.

दुसरं कारण गाडीच्या नाकाची कमी उंची. या गाडीत रेडिएटर इंजिनपेक्षा खाली येतो, त्यामुळे इंजिनच्या हेडमध्ये (वरच्या भागात) हवा अडकते. भरायची टाकी सगळ्यात उंच बसवा, झाकण उघडं ठेवून हीटर चालू करा आणि बुडबुडे थांबेपर्यंत इंजिन चालवा. थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघडणारी झडप) काढू नका. बोअरचं पाणी तर अजिबात नको, क्षार बसतात. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं.

जुळे सोलापूर:
स्पोकच्या निपलमधून (स्पोक रिमला आवळणारा छोटा नट) हवा गळते, त्यामुळे ट्यूब आणि रिमपट्टी लागतेच. चाकाला मधला एकच नट असेल तर गाडीच्या उजव्या बाजूचे आटे उलटे असतात. डावे-उजवे हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) अदलाबदल झाले तर नट चालताना सैल होईल. बसवण्याआधी तपासाच.

होटगी रोड:
कागद उडाला! वायरी बदलतो.