पोर्तुगीज काळातली तिकिटं ऑनलाइन लिलावात विकतोय, बोली वाढतच नाही. सल्ला हवा

म्हापसेकर
नमस्कार मंडळी. मामांनी जन्मभर जमवलेला साठा माझ्याकडे आलाय. पोर्तुगीज राजवटीतली पोस्टाची तिकिटं, मोझांबिकहून आलेली पत्रं लिफाफ्यांसकट, पणजीची जुनी पोस्टकार्डं, थोडी नाणी. घरात कुणाला रस नाही आणि मामींनीच विकायला सांगितलंय. ईबेवर खातं उघडून काही वस्तू लिलावाला लावल्या. बघणारे बरेच दिसतात, बोली मात्र एखादीच, आणि वस्तू सुरुवातीच्या किमतीलाच जाते. १९३१ च्या शवप्रदर्शनाचा (सेंट फ्रान्सिस झेवियरच्या) तिकीटसंच एकाच माणसाने एकाच बोलीत नेला. आता जाहिरातीवर पैसे घालू? फेसबुकवर लावू? की लिलाव सोडून सरळ किंमत लिहू?

फोंड्याचा तिकीटवाला
जाहिरातीचे पैसे तूर्त खिशातच ठेवा. ईबेवर कुणी कितीही मोठी कमाल बोली टाकली तरी किंमत चढते ती दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीच्या फक्त एक पायरी वर. पाच हजार द्यायला तयार असलेला एक जण आहे आणि दुसरा कुणीच नाही, तर तुमच्या हाती सुरुवातीचीच किंमत. भाव ठरवतो तो हरणारा. जत्रेतल्या दुकानांच्या पावणीला, म्हणजे जागांच्या लिलावाला, एकच खाजेवाला आला तर जागा कितीला जाईल, सांगा बघू! तुमची सगळी खटपट त्या दुसऱ्या माणसाला आणण्यासाठी हवी, शंभर बघ्यांसाठी नव्हे.

(ही पद्धत इंटरनेटने आणलेली नाही बरं का. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिकिटांचे व्यापारी टपालाने आलेल्या बोल्यांवर असेच लिलाव चालवायचे. अर्थतज्ज्ञ विल्यम विकरी यांनी त्याचं गणित मांडलं १९६१ मध्ये, आणि १९९६ ला त्यांना नोबेल मिळालं.)

तो दुसरा माणूस येतो शोधातून. शीर्षकाला ८० अक्षरं मिळतात, ती 'सुंदर' नि 'दुर्मिळ' यांवर उधळू नका. 'दुर्मिळ' असं टाइप करून कोण शोधतो? वर्ष, दर्शनी किंमत, पोर्तुगीज इंडिया, गोवा, आणि वापरलेलं की कोरं. जागा उरली तर पोर्तुगीज भाषेतलं नाव. वर्णनात कॅटलॉगचे क्रमांक द्या, जितके मिळतील तितके. अमेरिकन माणूस स्कॉटचा नंबर बघतो, इंग्रज गिबन्सचा, जर्मन मिशेलचा, पोर्तुगालचा मुंडिफिलचा. चार नंबर टाकले की चार देशांतले लोक त्याच पानावर येतात. याला पैसा पडत नाही.

डिचोलीचा, सध्या लिस्बन
मी घेणाऱ्यांच्या बाजूचा, तेव्हा आमचं गुपित फोडतो. तुमचे ते 'बघणारे' रिकामटेकडे नसतात. आम्ही वस्तू यादीत टाकून गप्प बसतो आणि शेवटच्या काही सेकंदांत बोली मारतो. आधी बोली लावून भाव कशाला चढवायचा? म्हणून लिलाव संपतो केव्हा याला फार महत्त्व. तुमच्याकडच्या दुपारी तीनला संपला तर इथे सकाळ, माणूस कामावर जायच्या गडबडीत, आणि न्यूयॉर्क झोपलेलं.

रविवारी इथल्या रात्री नऊला संपवा. तेव्हा न्यूयॉर्कला दुपारचे चार वाजलेले असतात, दोन्हीकडची माणसं घरी. गोव्यात उन्हाळी वेळेत सोमवार पहाटेचा दीड, हिवाळ्यात अडीच. त्यासाठी जागत बसायला नको, लिलाव सुरू व्हायची वेळ आधी ठरवून ठेवता येते. दहा दिवसांचा लिलाव इथल्या गुरुवारी रात्री सुरू झाला की रविवारी संपतो आणि मध्ये दोन शनिवार-रविवार पडतात.

आणि फोटो! तिकिटाच्या पाठीचा फोटो नसेल तर मी सरळ पुढे जातो. गोंद, डाग, कडेचे दात्रे, सगळं दिसायला हवं. गोव्याच्या दमटपणात राहिलेला माल म्हटला की इथला माणूस आधी तांबूस डागच शोधतो. डाग असेल तर तुम्हीच जवळून दाखवा. लपवलेला डाग परत येतो तो वाईट अभिप्राय घेऊन.

कुळागरवाली
मी तिकिटं विकत नाही, जुनी तांब्या-पितळेची भांडी नि लाकडी कोरीवकाम विकते. पण एक गोष्ट सगळीकडे सारखीच: एकेक वस्तू वेगवेगळ्या दिवशी लावू नका. एकाच विषयाच्या दहा-पंधरा वस्तू एकाच संध्याकाळी, पाच-पाच मिनिटांच्या अंतराने संपतील अशा लावा. टपालखर्च एकत्र. एक हरलेला माणूस पुढच्या वस्तूवर तुटून पडतो. पाकिटात चिठ्ठी घाला: पुढच्या खेपेला काय येतंय. माझं निम्मं गिऱ्हाईक त्या चिठ्ठीवर टिकलंय.

फेसबुकवर टाकायचं तर लिलाव संपायच्या एक-दोन दिवस आधी, सुरुवातीला नाही. स्विंडन, टोरांटो इथल्या गोंयकारांच्या गटांत 'तिकीट विकतोय' लिहिलंत तर कुणी ढुंकून बघणार नाही. 'लोरेन्सो मार्किसहून (मोझांबिकचं आजचं मापुतो) म्हापशाला आलेलं पत्र' म्हणा, मग बघा. कुणाचा तरी आजोबा तिथून येणाऱ्या बोटीवर असतोच.

मडगावची वकीलबाय
मार्केटिंग सुरू करण्याआधी कायदा. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. हस्तलिखितांना मर्यादा ७५ वर्षांची. आणि अशा वस्तूंचा धंदा देशात करायचा तरी परवाना लागतो. मामांकडे १८७१ ची पहिली तिकिटं किंवा १८८१ चा रुपया असेल तर ते ईबेच्या यादीतून आजच काढा. १९३१ चा संच, १९५२ ची नाणी, १९५८-५९ ची एस्कुदो चलनातली नाणी या मर्यादेत येत नाहीत. नियमित निर्यात करणार असाल तर आयात-निर्यात कोड काढून ठेवा, पोस्टाच्या डाकघर निर्यात केंद्रात कागदपत्रं होतात.

नाण्यांबद्दल आणखी एक. 'रिझर्व्ह बँकेतून बोलतोय, जुनं नाणं लाखाला घेतो, आधी शुल्क भरा' असा फोन आला तर ठेवून द्या. बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलंय की ती या व्यवहारात नाही आणि असलं शुल्क मागत नाही.

वास्कोचा राजू
एवढं पुराण कशाला? सगळं एक डॉलरपासून सुरू करा, गर्दी आपोआप होते.

फोंड्याचा तिकीटवाला
राजूबाब, गर्दी होते ती ज्याला आधीच चार गिऱ्हाईकं आहेत त्याला. शवप्रदर्शनाचे संच, डिसेंबर १९६१ चे, गोवा मुक्तीच्या वेळचे पोस्टाचे शिक्के, गोवा जिंकणाऱ्या अल्बुकेर्कचं चित्र असलेल्या १९५९ च्या नोटा, हे एक डॉलरवर सोडायला माझी हरकत नाही. मोझांबिकचं एखादं पत्र मात्र जगात तिघांनाच हवं असेल, आणि ते तिघे त्याच आठवड्यात ईबेवर असतील याचा काय भरवसा? तसल्या वस्तूला ठोस किंमत लिहा, 'प्रस्ताव पाठवा' सुरू ठेवा आणि वाट बघा. पोस्टकार्डांसाठी डेलकाम्प ही बेल्जियमची साइट बघा, तिथे निव्वळ संग्राहकच फिरतात. राखीव किंमत (जिच्याखाली वस्तू विकायची नाही ती छुपी किंमत) शक्यतो ठेवू नका, लोक बिचकतात.

एकाच वस्तूच्या दोन प्रती असतील तर एका वेळी एकच. हरलेल्याला ईबेवरूनच दुसऱ्या संधीचा प्रस्ताव पाठवता येतो.

म्हापसेकर
देव बरें करूं सगळ्यांचे. मेहुणा म्हणतो, दुसरा माणूसच हवा ना, मग मीच बोली लावतो. चालेल?

मडगावची वकीलबाय
नाही. ईबेवर बंदी आहे, खातं जाईल. मेहुण्याला फोटो काढायला बसवा.

म्हापसेकर
बसवतो. मामींची आता एक अट आलीय: लिफाफे विका, आतली पत्रं घरातच राहणार. मग लिफाफ्याचा भाव पडेल का?

डिचोलीचा, सध्या लिस्बन
फारसा नाही. टपालाचा इतिहास जमवणारा तिकीट, तारखेचा शिक्का आणि पत्र कुठल्या मार्गाने आलं ते बघतो. पाठीमागचे पोचीचे शिक्के दाखवा. पत्र काढताना लिफाफ्याची घडी फाडू नका आणि वर्णनात 'आत पत्र नाही' असं लिहा. पहिला लिफाफा लावलात की मला दुवा पाठवा, पण कमाल बोली विचारू नका.